लेकराचा मूतखडा : भीतीपोटी दिवस काढू नका

(गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नाही. डिप्लोमा करून सरकारी प्रयोगशाळेत लागलो, लघवी-रक्त तपासणारी माणसं. त्यामुळे औषध सांगणार नाही. आई-वडिलांची भीती थोडी कमी व्हावी एवढ्यासाठीच बोलतो.

आपल्या भीमपुरात, पैनगंगेच्या या अंगाला, लेकराचं पोट दुखलं की आधी जंत आठवतात, मग नजर. मूतखडा हा मोठ्यांचा रोग, असं आपण धरून चालतो. पण सुश्रुतसंहितेतही मुलांच्या अश्मरीचं वर्णन आहे. मोठा माणूस कंबरेतून कळ येते असं सांगतो. चार वर्षांचं लेकरू नुसतं पोटाकडे बोट दाखवतं.

लघवी लालसर होते, करताना लेकरू रडतं, उलट्या होतात, पोट पुन्हापुन्हा दुखतं, अशा वेळी लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी. सोनोग्राफीत सुई नाही, क्ष-किरणही नाहीत. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी आदिलाबादचं रिम्स गाठावं. अडलेल्या लघवीत जंतू वाढले, तर मूत्रपिंडच नव्हे, जीवही धोक्यात येतो.

आता शस्त्रक्रियेविषयी. बारीक खडा बहुधा आपोआप पडतो. मोठा असेल तर पूर्वी कुशीत लांब चिरा द्यावा लागे. त्याच धास्तीनं आजही घरचे म्हणतात, "लेकराला चिरफाड नको." पण १९८० साली जर्मनीत बाहेरून लहरींचे धक्के देऊन खडा फोडण्याची सुरुवात झाली. दुसऱ्या पद्धतीत लघवीच्याच वाटेनं बारीक दुर्बीण नेऊन लेझरनं खड्याचा चुरा करतात. तिसऱ्या पद्धतीत पाठीतून लहान छिद्र पाडून मूत्रपिंडापर्यंत पोचतात. हे छिद्र मोठ्यांमध्ये ८ ते १० मिलिमीटरचं असे. पुढे २०११ मध्ये गुजरातमधील नडियादच्या मूळजीभाई पटेल रुग्णालयातील डॉ. महेश देसाई आणि सहकाऱ्यांनी सुमारे १.६ मिलिमीटर जाडीच्या सुईतूनच खडा पाहून फोडण्याची पद्धत मांडली. कोणत्या लेकराला कोणती पद्धत, हे खड्याचा आकार आणि जागा पाहून मूत्ररोगतज्ज्ञ ठरवतात. भूल द्यावी लागते आणि धोका अगदीच नसतो असं नाही. पण खडा तसाच ठेवण्यातला धोका मोठा असू शकतो.

खर्चाची काळजी खरी आहे. आपल्या राज्यात आरोग्यश्रीची मर्यादा डिसेंबर २०२३ पासून १० लाख रुपये आहे. घर किंवा शेत गहाण टाकण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

खडा निघाला म्हणजे काम संपलं नाही. मुलांमध्ये खडा होण्यामागे अनेकदा शरीरातल्या क्षारांचा बिघाड असतो. म्हणून निघालेला खडा फेकू नका, तपासणीला द्या. पाणी भरपूर पाजा, मीठ आणि पाकिटातला खाऊ कमी करा. आपल्या मनानं दूध मात्र बंद करू नका. वाढत्या हाडांना ते लागतं. कुळथाचं कढण घरात असू द्या, पण त्याच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलू नका.

मंडळींनो, लेकरू पोट धरून बसलं की आधी त्याचं ऐका. विघ्नहर्ता सगळ्यांच्या लेकरांना सुखरूप ठेवो. गणपती बाप्पा मोरया!