पोचल्याचे पत्र

शिकायला म्हणून मी प्रथम घर सोडले, तेव्हा वडिलांनी माझ्या ट्रंकेत कपड्यांखाली दहा पोस्टकार्डे ठेवली होती. दहाही कार्डांवर घरचा पत्ता त्यांनी आपल्याच हाताने लिहिलेला. म्हणाले, “मजकूर सुचला नाही तरी चालेल. नुसतं ‘पोचलो’ एवढं लिही आणि पेटीत टाक.” मला हसू आले. त्या वयात असल्या गोष्टींचे हसूच यायचे. आज त्याच वयाची मुले माझ्यासमोर बाकांवर बसतात, तेव्हा कुठे त्या दहा कार्डांचा अर्थ मला कळू लागला आहे.

पाठीवर पिशवी टाकून एकट्याने मुलूख पाहायला निघणारी तरुण मुले-मुली आज सगळ्या जगात दिसतात. आपल्याकडचीही जातात. बहुतेक सारी सुखरूप परत येतात, चार गोष्टी शिकून येतात. पण एखादे येत नाही. वर्तमानपत्रात चार दिवस बातमी येते, फोटो येतो, आणि मग सारे शांत होते. शांत होत नाही ते फक्त त्या मुलाचे घर. अशाच एका घराची हकीकत आज मी आपल्याला सांगणार आहे. घर अमेरिकेतले, आणि गोष्ट १९३४ सालची आहे. जुनीच मुद्दाम निवडली. तिच्याभोवतीची धूळ आता खाली बसली आहे आणि तीतून काय घ्यायचे ते आपल्याला स्वच्छ दिसते.

मुलाचे नाव एव्हरेट रूस. जन्म २८ मार्च १९१४ चा, कॅलिफोर्नियातला. वडील ख्रिस्तोफर हे शिकले-सवरलेले, धर्मोपदेशकाचे काम केलेले गृहस्थ. आई स्टेला चित्रकर्ती. वॉल्डो नावाचा एक थोरला भाऊ. घरात चित्रे, पुस्तके आणि कविता यांचा राबता. अशा घरातला हा धाकटा मुलगा सोळाव्या वर्षीच उन्हाळ्याच्या सुट्टीत एकटा भटकायला निघाला, आणि पुढची चार वर्षे तो जणू भटकतच राहिला. मध्ये एक सहामाही विद्यापीठात काढली, पण तिथे जीव रमला नाही.

तो जात असे तो मुलूख म्हणजे ॲरिझोना आणि युटा या राज्यांतला वाळवंटी प्रदेश. आपल्याकडे घाटमाथ्यावरून खाली पाहिले की घळी दिसतात ना, तशाच घळी, पण शेकडो मैल पसरलेल्या, लाल-पिवळ्या रेतीच्या दगडात पाण्याने कोरून काढलेल्या. काही इतक्या अरुंद, की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. वर पाहावे तर आभाळाची नुसती एक चिंधी. दूर कुठे पाऊस पडला, तर इथे कोरड्या ठणठणीत घळीत एकाएकी लोंढा येतो. माणूस तर मैलोगणती दिसत नाही. या मुलखात एव्हरेट एखाददुसरे गाढव घेऊन महिनेच्या महिने हिंडे. गाढवाच्या पाठीवर शिधा, अंथरूण, रंगाची पेटी आणि पुस्तके. चित्रे काढी, लिनोलियमवर कोरून त्यांचे ठसे उमटवी, जमले तर विकी. होपी आणि नवाहो या तिथल्या मूळ रहिवाशांत मिसळे. मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला राहिला, तेव्हा ॲन्सेल ॲडम्स आणि डोरोथिया लँग यांच्यासारख्या पुढे नामांकित झालेल्या छायाचित्रकारांशी त्याची ओळख झाली होती. तेव्हा हा मुलगा टाकाऊ, उनाड होता असे कुणी समजू नये. त्याला एक वेड होते, आणि वेड काही वाईट नव्हते.

एक गोष्ट मात्र त्याची फार चांगली होती. तो पत्रे लिही. आईवडिलांना, भावाला, मित्रांना. आज कुठे मुक्काम, गाढवाने काय उपद्व्याप केला, कड्यावरून सूर्यास्त कसा दिसला, सारे सविस्तर. त्याचे सारे चरित्र लोकांना कळले आहे ते मुख्यतः या पत्रांवरूनच.

नोव्हेंबर १९३४ मध्ये तो युटामधल्या एस्कलांटे नावाच्या लहानशा गावी आला. वय वीस. गावातल्या पोरांशी त्याची गट्टी जमली. त्यांच्याबरोबर घोड्यावर बसला, जुन्या बाणांची टोके शोधत हिंडला, एका रात्री पोरांना घेऊन सिनेमालाही गेला. त्यानंतर ११ नोव्हेंबरला भावाला एक लांब पत्र लिहिले. शहरापेक्षा आपल्याला रानच बरे वाटते, असा त्यातला भाव होता. आईवडिलांनाही कळवले, की आता महिना-दोन महिने टपालाची सोय नसेल. मग दोन गाढवे घेऊन तो दक्षिणेच्या वाटेला लागला. सुमारे आठवड्यानंतर गावापासून पन्नासएक मैलांवर त्याला दोन मेंढके भेटले. त्यांच्या तळावर तो दोन रात्री राहिला आणि पुढे गेला.

श्रोतेहो, त्यानंतर एव्हरेट रूस कुणालाही दिसला नाही.

आता घरी काय चालले असेल पाहा. मुलानेच सांगितलेले, दोन महिने पत्र येणार नाही. म्हणजे डिसेंबर काळजीवाचून गेला. नाताळ आला नि गेला. जानेवारी गेला. मग आईवडिलांनी त्याला धाडलेली पत्रे एकेक करून परत येऊ लागली. घेणारा कोणी नाही, म्हणून परत. आपण लिहिलेले पत्र आपल्याच हातात परत येते, पाकीट न फोडलेले, तेव्हा बापाच्या हाताला काय वाटत असेल? फेब्रुवारी १९३५ मध्ये त्यांनी एस्कलांटेच्या पोस्टाला लिहिले, आमचा मुलगा कुणी पाहिला का? गावकऱ्यांनी हा शोध आपल्या अंगावर घेतला. घोड्यांवर बसून माणसे निघाली. मार्चच्या सुमारास डेव्हिस गल्च नावाच्या घळीत, झाडाझुडपांच्या फांद्या लावून केलेल्या कोंडवाड्यात, त्याची दोन गाढवे सापडली. पण अंथरूण नाही, भांडीकुंडी नाहीत, रंगाची पेटी नाही, रोजनिशी नाही. आणि मुलगा नाही.

सापडले ते एवढेच. त्या घळीत दोन ठिकाणी दगडात अक्षरे कोरलेली होती, ‘नेमो, १९३४’.

नेमो हा लॅटिन शब्द आहे. अर्थ ‘कोणी नाही’. याने तो का कोरला असावा? ग्रीकांच्या पुराणकथेत ओडिसियस राक्षसाच्या गुहेत सापडतो आणि माझे नाव ‘कोणी नाही’ असे सांगून सुटका करून घेतो. काहींना ती कथा आठवली. काहींना ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो आठवला, जगाला पाठ दाखवून समुद्राच्या पोटात राहणारा. हा नेमो, व्हर्नने पुढे १८७५ च्या कादंबरीत सांगितले त्याप्रमाणे, आपल्या बुंदेलखंडाचा राजपुत्र होता, सत्तावनच्या उठावात लढलेला. कुठे युटाची घळ आणि कुठे बुंदेलखंड! एव्हरेटने मागेही काही काळ आपले नाव बदलून पाहिले होते. कदाचित पोराचा खेळ असेल, कदाचित मनातले काही असेल. दगडावरून तेवढे कळत नाही.

मग तर्क सुरू झाले. कुणी म्हणाले, कड्यावरून पाय घसरला. कुणी म्हणाले, कोलोरॅडो नदी ओलांडताना बुडाला. कुणी म्हणाले, गुरे चोरणाऱ्यांनी मारला. आणि कुणी म्हणाले, तो जिवंत आहे, नवाहो लोकांत लग्न करून सुखाने राहतो आहे. मंडळी, यातला शेवटचा तर्क ऐकायला सर्वांत गोड, आणि आईबापांच्या जिवाला सर्वांत छळणारा. कारण मेला असे कळले तर माणूस एकदा रडून घेतो, दिवस घालतो. ‘कदाचित असेल’ या शब्दाला मात्र दिवस घालता येत नाहीत. दारावर टकटक झाली की दरवेळी छातीत धस्स होते. वडील १९५४ मध्ये वारले, आई १९६४ मध्ये. दोघांनीही पोराचे काय झाले हे न कळताच डोळे मिटले. त्याची पत्रे, कविता आणि चित्रे मात्र १९४० मध्ये पुस्तकरूपाने निघाली.

गोष्ट इथे संपत नाही. पुढचा भाग मी शिक्षकमित्रांसाठी सांगतो, कारण तो वर्गात सांगण्यासारखा आहे. युटाच्याच दुसऱ्या भागात, कोंब रिज नावाच्या डोंगरधारेवर, २००८ साली एका नवाहो माणसाला कपारीत पुरलेली हाडे सापडली. त्याच्या आजोबांनी सांगून ठेवले होते, की पूर्वी एका तरुण गोऱ्या मुलाला मारलेले मी पाहिले आणि त्याला पुरले. हाडांची तपासणी झाली. एप्रिल २००९ मध्ये जाहीर झाले, की डीएनए रूस घराण्याशी जुळतो. पंचाहत्तर वर्षांचे कोडे सुटले! वर्तमानपत्रे भरून आली. पण युटा राज्याच्या पुरातत्त्वाधिकाऱ्यांनी शंका काढली. म्हणाले, हे दात पाहा. असे झिजलेले दात जुन्या मूळ रहिवाशांचे असतात, शहरात वाढलेल्या विशीतल्या मुलाचे नव्हेत. तेव्हा रूस कुटुंबाने स्वतः होऊन फेरतपासणी मागितली. अमेरिकेच्या सैन्यदलाच्या प्रयोगशाळेने ऑक्टोबर २००९ मध्ये निर्वाळा दिला, ही हाडे एव्हरेटची नव्हेत.

थोरला भाऊ वॉल्डो त्याच्या दोनच वर्षे आधी, २००७ मध्ये, गेला होता. त्याच्या मुलांची मने काय झाली असतील? काकाच्या अस्थी मिळाल्या असे वाटले, आणि पुन्हा हात रिकामे. तरीही त्यांनी खरे तेच पत्करले. गोड खोट्यापेक्षा कडू खरे बरे, हे फळ्यावर लिहायला सोपे आहे, मंडळी. आचरणात आणायला असे धैर्य लागते. मुलांना विज्ञान शिकवताना पहिल्या उत्तरापाशी थांबू नका, फिरून तपासा असे आपण सांगतो. त्याला याहून चांगला दाखला मला तरी माहीत नाही.

पुढे १९६३ पासून ग्लेन कॅन्यन धरणाचे पाणी साठू लागले आणि डेव्हिस गल्चच्या खालच्या भागात शिरले. ज्या वाटेने तो मुलगा गेला, तिचा काही भाग असा पाण्याखाली गेला.

बरे, मग आपण यातून काय घ्यावे? मुलांना घराबाहेर पाठवूच नये, असे का? नाही. माझे म्हणणे तसे अजिबात नाही. जगाचा मुलूख पाहिल्यावाचून माणूस मोठा होत नाही, हे आपले वारकरी आणि फिरस्ते कधीचे सांगत आले आहेत. पण वारीत दिंडी असते. एकट्याने जाणाऱ्याला दिंडी नाही, म्हणून त्याने आपली दिंडी कागदावर तरी घरी ठेवावी. कुठून कुठे जाणार, कोणत्या दिवशी कुठे पोचणार, आणि अमुक दिवसापर्यंत निरोप आला नाही तर कुणाला कळवायचे. एव्हरेटने ‘महिना-दोन महिने’ असे मोघम सांगितले. तिथेच शोधाचे जवळजवळ तीन महिने वाया गेले. त्याने एक तारीख नि एक गाव नक्की सांगितले असते, तर गावकरी कदाचित बर्फ पडण्याआधीच निघाले असते.

आज तर साधने पुष्कळ आहेत. मुलगा किंवा मुलगी परदेशी जाणार असेल तर पासपोर्टची प्रत, व्हिसाची प्रत, विमा आणि फोनचा आयएमईआय नंबर घरी एका वहीत लिहून ठेवा. तिथल्या भारतीय वकिलातीचा नंबरही लिहा. परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ मध्ये ‘मदद’ नावाची सोय सुरू केली आहे, तिथे परदेशातल्या आपल्या माणसाबद्दल तक्रार नोंदवता येते. आणि कुणी बेपत्ता झालेच, तर चोवीस तास थांबून मगच पोलिसांकडे जायचे, हा समज डोक्यातून काढून टाका. तसा कायदा आपल्याकडे नाही. गावच्या ठाण्यात लगेच लेखी द्या आणि वकिलातीलाही त्याच दिवशी कळवा. आपल्याकडून सीबीआयमार्फत इंटरपोलकडे बेपत्ता माणसासाठी पिवळी नोटीस काढण्याची विनंती जाऊ शकते. तिची माहिती सभासद देशांच्या पोलिसांपर्यंत पोचते. पहिल्या दोन-तीन दिवसांचे मोल पुढच्या दोन-तीन वर्षांनाही येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या वर्गातला एक विद्यार्थी घरी न सांगता एकटाच डोंगरात गेला. दोन दिवस फोन बंद. तिसऱ्या दिवशी हसत परत आला. म्हणाला, “सर, रेंजच नव्हती. त्यात काय एवढं?” त्याची आई माझ्या खोलीत खुर्चीवर बसली होती. दोन दिवस तिने अन्नाला हात लावला नव्हता. ती काही बोलली नाही. उठली, पोराच्या शर्टाची वर गेलेली कॉलर तिने नीट केली आणि पुन्हा बसली. त्या पोराचे हसू तिथल्या तिथे गेले. मी त्याला ओरडलो नाही. आधी जेवून घ्या, म्हणालो दोघांना.

तरुण श्रोत्यांनो, तुम्ही जरूर जा. लांब जा, डोळे भरून पाहा. स्वातंत्र्य तुमच्या हक्काचे आहे. पण तुमच्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला कोणी तरी बसलेले आहे आणि त्याचे सारे लक्ष दाराकडे आहे, एवढे विसरू नका. त्याला फार काही नको असते. माझ्या वडिलांनी सांगितलेला एक शब्द पुरे आहे, ‘पोचलो’.

आणि वडीलधाऱ्यांनो, मुले निघाली की त्यांच्या पिशवीत उपदेश थोडा कमी भरा. ती जागा पत्ता लिहिलेल्या कार्डांसाठी ठेवा. कार्डे गेली, आता फोन आला, पण रीत तीच. मी त्या दहांतली सहा कार्डे धाडली होती. उरलेली चार अजून माझ्याजवळ आहेत, आणि त्यांच्यावरचे वडिलांचे अक्षर पाहिले की ती न धाडल्याचे वाईट वाटते.