वाघ दिसला नाही, तरी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या मेळघाट सहलीविषयी मी चार शब्द बोलावे, अशी आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. पाहिले तेवढे सांगते.

सहलीहून परतल्यावर रोहिणखेडात आम्हां प्रत्येकीला एकच प्रश्न झाला, "वाघ दिसला का वं?" नाही म्हटले की, "मंग पैसे पाण्यात गेले!" बायकांनी वर्षभर पैसा-पैसा साठवावा, दोन दिवस चूल दुसऱ्यावर सोपवावी, आणि वाघही पाहू नये! पुढची सहल याच बोलण्यावर अडेल, म्हणून उत्तर आज सर्वांसमक्ष देते.

मंडळाने ठरवलेली एस.टी. पहाटे निघाली. नांदुरा, शेगाव, अकोट करीत पूर्णेकाठचा खारपाण पट्टा मागे पडला आणि सातपुडा समोर उभा राहिला. परतवाड्यापुढे घाट लागताच गाणी थांबली. लिंबे आणि आवळासुपारी बाहेर निघाली. चिखलदरा सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे, बुलढाण्याहूनही पुष्कळ उंच. तेथे कॉफीची झाडे पाहिली. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी भोसल्यांकडून घेतलेला गाविलगड पाहिला. त्याच्या तटावरून खालची दरी पाहताना बडबड्या बायकाही गप्प झाल्या.

दुसऱ्या दिवशी सेमाडोहकडचे जंगल. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ सालचा, देशातल्या पहिल्या नऊंपैकी. त्याचा गाभा म्हणजे गुगामळ राष्ट्रीय उद्यान. तेथे मन मानेल तसे शिरता येत नाही. आम्ही ठरलेल्या वाटेनेच फिरलो. सागाच्या रानात गव्यांचा कळप दिसला. केवढे ते धूड, आणि पायांत जणू पांढरे मोजे! सांबर दिसले. अस्वलाने उकरलेले वारूळ दिसले. ओल्या मातीत वाघाचा पंजा उमटला होता. बरोबरचा कोरकू वाटाड्या म्हणाला, "तो आपल्याला पाहून गेला असेल." तेव्हा अंगावर काटा आला.

त्याने रानपिंगळ्याचीही गोष्ट सांगितली. हे लहानसे घुबड १८८४ नंतर एकशे तेरा वर्षे कोणाला खात्रीने दिसले नव्हते. नाहीसेच झाले म्हणत होते. १९९७ साली ते नंदुरबारकडच्या सातपुड्यात सापडले, पुढे मेळघाटातही. म्हणजे न दिसणे आणि नसणे एक नव्हे. भगिनींनो, आपल्या घरातल्या कामाचेही असेच नाही का?

पण एक गोष्ट मनाला लागली. वाघाला जागा मिळावी म्हणून आतल्या काही कोरकू गावांनी आपली घरे, देवाचे ठाणे, पूर्वजांची माती सोडली. आपण एक दिवस पाहुण्या होतो. किंमत त्यांनी दिली. रोही आणि डुकरे शेतात शिरली की आपल्याला राग येतो, तो खोटा नाही. नुकसान भरून मिळावेच. पण रान नको, असे म्हणून भागणार नाही. मेळघाटच्या सिपनेचे पाणी तापीला जाते. आपली नळगंगा पूर्णेला मिळते, आणि पूर्णा चांगदेवाशी तापीलाच. पाण्याने आपण त्या डोंगराचे सोयरेच आहोत.

आणि वाघ तर आपल्या जिल्ह्यात चालत आला होता! यवतमाळकडच्या टिपेश्वरातून एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये निघाला आणि सुमारे तेराशे किलोमीटर चालून डिसेंबरात बोथ्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यात पट्टा होता, म्हणून हे कळले. शेतांतून, सडकांवरून, माणसांच्या वस्त्यांजवळून तो आला. जोडीण शोधत आला म्हणतात, पण इथे वाघीण नव्हती. रान तुटक-तुटक राहिले, तर अशा जिवाने जावे कोठे?

म्हणून माझी सूचना अशी : पुढची सहल ज्ञानगंगेची काढावी. खर्च थोडा, अंतर थोडे. पोरींना बरोबर न्यावे. जंगलात प्लास्टिक नेऊ नये, गाणी एस.टी.तच म्हणावीत, आणि वाघ दिसलाच पाहिजे असा हट्ट धरू नये.

पैसे पाण्यात गेले म्हणणारांना माझे एवढेच सांगणे आहे : हो, गेले. पण ते पाणी कोणत्या डोंगरातून येते, हे आम्ही पाहून आलो.