कांदिवलीचा दगड आणि कांदिवलीचा माणूस

(उपनगरी प्रवासाच्या प्रश्नावर कांदिवली येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कांदिवलीतून मुंबईकडे रेल्वेने केवळ माणसे गेली असे नाही. माणसांच्या लोंढ्याआधी येथून दगड गेला. १९२० नंतरच्या दशकात, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने बॅकबेचा समुद्र भरून काढण्याचा प्रचंड खटाटोप सुरू झाला, तेव्हा त्या भरणीच्या समुद्रभिंतीसाठी कांदिवलीच्या खाणीतील दगड रेल्वेने दक्षिणेकडे नेण्यात आला. त्या योजनेतील उधळपट्टी वीर नरिमन यांनी चव्हाट्यावर आणली. चर्चगेटसमोरच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. त्या रस्त्यावरून कचेरीकडे धावणाऱ्यांपैकी किती जणांना त्याचे कारण ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे. योजना ठरल्याप्रमाणे पुरी झाली नाही. पण समुद्र हटवून जी जमीन निर्माण झाली, तिच्यावर पुढे सचिवालय उभे राहिले, कंपन्यांच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि त्या कचेऱ्यांत काम करण्यासाठी कांदिवलीचा माणूस रोज सुमारे ३१ किलोमीटरचे अंतर तोडून जाऊ लागला. दगड एकदाच गेला आणि तेथेच राहिला. माणसाला मात्र रोज जावे लागते व रोज परतावे लागते, कारण त्या नव्या भूमीवर त्याच्या राहण्याची सोय करावी असे कोणत्याही राजवटीला वाटले नाही.

उपनगरी रेल्वेचा इतिहास हा मुंबईच्या भूगोलाचा इतिहास आहे. १८६७ मध्ये विरारहून बॅकबेकडे दिवसाकाठी एकच गाडी जाई व तीच संध्याकाळी परते. जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली हा मार्ग विजेवर आला. १९५७ मध्ये दहिसरपर्यंतचा टापू महापालिकेच्या हद्दीत आला आणि कांदिवली कागदोपत्री मुंबई झाली. १९८२ चा गिरणी संप हरल्यानंतर गिरणगावातून उखडले गेलेले कित्येक संसार पश्चिम उपनगरांच्या टोकाला आले. त्याच दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने चारकोप येथे छोट्या भूखंडांची वसाहत आखण्यात आली. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला पायापुरती जमीन द्यावी, घर त्याने ऐपतीप्रमाणे बांधावे, ही कल्पना वाईट नव्हती. पण भूखंड आखणाऱ्यांनी त्या भूखंडावर राहणारा माणूस सकाळी सात वाजता स्थानकावर कसा पोहोचेल याचा विचार घराइतक्या आस्थेने केला नाही. आजही चारकोपच्या सेक्टरांतून, पूर्वेकडील दामूनगर-हनुमाननगरातून निघणाऱ्याचा खरा झगडा गाडीच्या दारात सुरू होत नाही. तो घराच्या दारात, शेअर रिक्षाच्या रांगेत सुरू होतो.

या झगड्याचा हिशेब एकदा मांडावयास हवा. जाता-येता लोकलचे दोन तास आणि घर ते स्थानक व स्थानक ते कचेरी यांचा मिळून एक तास धरला, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत ७५ तास होतात. आठ तासांची पाळी धरता या नऊ पाळ्यांहून अधिक होतात. या नऊ पाळ्यांचे वेतन कोणी देत नाही. कामगार कामावर पोहोचल्याखेरीज उत्पादन होत नाही. मग पोहोचण्याचे श्रम हे उत्पादनाचेच श्रम आहेत. परंतु मालकाच्या जमाखर्चात ते कोठेही दिसत नाहीत, कारण ते कामगाराच्या झोपेतून, स्त्रीच्या स्वयंपाकाच्या वेळेतून आणि मुलांच्या वाट्याच्या संध्याकाळीतून वजा झालेले असतात. परतीच्या गाडीत भाजी निवडणारी बाई पाहून नगरीच्या चैतन्याचे गोडवे गाणारे पुष्कळ लेख लिहिले गेले. ती भाजी गाडीत निवडते, कारण घरी पोहोचल्यावर तिला तेवढाही वेळ उरत नाही.

वेळेखेरीज दुसरी किंमत देहाची. जितक्या उतारूंसाठी गाडी बांधली गेली, त्याच्या दुपटी-तिपटीने माणसे गर्दीच्या वेळी तीत कोंबली जातात. तिघांच्या बाकावर चौथा अर्ध्या मांडीने टेकतो आणि त्या ‘चौथ्या सीट’साठीही कृतज्ञ असतो. मालाड-कांदिवलीची कितीतरी माणसे बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलट दिशेने बोरिवलीस जातात आणि मग त्याच गाडीने दक्षिणेकडे निघतात. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर आजही वर्षाला सुमारे अडीच हजार माणसे मरण पावतात. कोणी रूळ ओलांडताना मरतो, तर कोणी चालत्या गाडीतून पडून. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्या एकमेकींशेजारून जाताना दारात लोंबकळणारे उतारू खाली कोसळून मृत्युमुखी पडले, तेव्हा स्वयंचलित दारांची घोषणा झाली. दारे बंद होतील. पण दाराबाहेर लोंबकळणारी माणसे आत मावतील इतक्या गाड्या कोठून येणार, याचे उत्तर दारात नाही.

आणि २९ सप्टेंबर २०१७! एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. तो पूल गिरणगावाच्या काळातील गर्दीचा होता. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, चौरस फुटाचे भाव आकाशाला भिडले. पूल मात्र होता तेवढाच राहिला. जमिनीच्या त्या वाढलेल्या भावातील एक पैसाही त्या पुलापर्यंत का पोहोचला नाही? ज्या कचेरीचे मोल वाढले ते तिच्याजवळ स्थानक होते म्हणून. स्थानकाने निर्माण केलेली किंमत जमीनमालकाच्या तिजोरीत गेली आणि स्थानकाच्या पायऱ्यांवर माणसे चिरडली गेली. या दोन घटना एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत, आणि उपनगरी प्रवासाचा प्रश्न येथे येऊन पोहोचतो: प्रवासाचा लाभ ज्यांना होतो, त्यांनी त्याचा खर्च का उचलू नये?

हा प्रश्न स्वप्नाळू म्हणून उडवून लावण्याची प्रथा आहे. पण ज्या भांडवलशाही देशांचे दाखले आपले अर्थतज्ज्ञ एरवी ऊठसूट देतात, तेथेच त्याचे उत्तर दिले गेले आहे. पॅरिसच्या प्रदेशात १९७१ च्या कायद्याने नऊहून अधिक कामगार असलेल्या प्रत्येक मालकावर वेतनाच्या प्रमाणात परिवहन-कर बसविण्यात आला. त्यातून भुयारी रेल्वे, उपनगरी रेल्वे व बस यांना पैसा मिळू लागला. १९८२ पासून कामगाराच्या पासाचा अर्धा खर्चही तेथील मालकाला द्यावा लागतो. व्हिएन्ना नगरीने तर १९७० पासूनच भुयारी रेल्वेसाठी मालकांकडून दर कामगारामागे कर घेतला. त्या नगरीत २०१२ पासून २०२५ अखेरपर्यंत वर्षभराचा पास ३६५ युरोला, म्हणजे दिवसाला एक युरोला मिळत होता. २०२६ पासून तो महागला, हेही सांगितले पाहिजे. पण तत्त्व मोडले नाही.

लंडनची गोष्ट मात्र इशारा म्हणून लक्षात ठेवावी अशी आहे. १९८१ मध्ये तेथील नगरशासन मजूर पक्षाच्या हाती आले आणि जाहीरनाम्यात म्हटल्याप्रमाणे त्याने बस व भुयारी रेल्वेची भाडी एकदम कमी केली. ब्रॉम्ली नावाच्या उपनगराने, जेथे भुयारी रेल्वेचे एकही स्थानक नाही, न्यायालयात धाव घेतली. आमच्या करांतून इतरांचा प्रवास का स्वस्त व्हावा, हा त्याचा सवाल. वरिष्ठ न्यायालयाने परिवहन हा धंदा आहे व तो धंद्यासारखाच चालविला पाहिजे अशा आशयाचा निर्णय दिला, आणि मार्च १९८२ मध्ये भाडी जवळजवळ दुप्पट झाली. १९८६ मध्ये थॅचरबाईंनी ते नगरशासनच मोडीत काढले. लोकांनी निवडून दिलेला कार्यक्रम ‘धंदा’ या एका शब्दाने कसा हाणून पाडता येतो, याचा याहून स्वच्छ नमुना सापडणे कठीण.

तोच शब्द मुंबईत बेस्टच्या मानगुटीवर बसला आहे. १५ जुलै १९२६ रोजी मुंबईच्या रस्त्यावर पहिली बस धावली. स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, महापालिकेने ती खाजगी कंपनी ताब्यात घेतली. पुढे अनेक वर्षे या उपक्रमाची व्यवस्था अशी होती की वीजविभागाच्या शिलकीतून बसची तूट भरून निघे. आता बेस्टची वीज मिळते ती फक्त शहर विभागाला. कांदिवलीच्या घरात ती कधीच आली नाही. याचा अर्थ असा, की कुलाबा-मलबार हिलच्या विजेच्या बिलातून चारकोपची बस चालत होती. कोणी समाजवादी घोषणा न करता, जमाखर्चाच्या एका रकान्यातून, श्रीमंत दक्षिणेकडून श्रमिक उत्तरेकडे पैसा वाहत होता. २००३ च्या वीज कायद्यानंतरच्या नियमनाने ही वाट क्रमाने बंद झाली. ती बंद करताना पर्यायी वाट काढावी, असे शासनालाही वाटले नाही आणि महापालिकेलाही नाही.

त्यानंतर जे घडले ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. २०१० च्या सुमारास साडेचार हजारांच्या घरात असलेला गाड्यांचा ताफा आटत गेला. जानेवारी २०१९ मध्ये कामगारांनी नऊ दिवसांचा संप केला; बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करावा, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. ती वेतनाची मागणी नव्हती, नगरीच्या धोरणाची मागणी होती. पण वृत्तपत्रांनी ‘प्रवाशांचे हाल’ एवढेच छापले. त्याच वर्षी किमान भाडे पाच रुपयांवर आले आणि उतारू परत येऊ लागले, यावरून लोकांना बस नको होती हा आक्षेप खोटा ठरला. परंतु स्वतःच्या गाड्या घेण्याऐवजी कंत्राटदारांच्या गाड्या किलोमीटरच्या दराने भाड्याने घेण्याचा मार्ग पत्करण्यात आला, आणि आता ताफ्यातील बहुसंख्य गाड्या भाड्याच्या आहेत. चालक कंत्राटदाराचा, बस कंत्राटदाराची, बिल्ला तेवढा बेस्टचा. ऑगस्ट २०२३ मध्ये याच कंत्राटी चालकांना वेतनासाठी काम बंद करावे लागले. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात भाड्याच्या बसने माणसे चिरडली, तेव्हा चालकाला पुरेसे शिक्षण मिळाले होते काय, असा प्रश्न विचारला गेला. मे २०२५ मध्ये किमान भाडे दुप्पट, म्हणजे दहा रुपये झाले. पोयसर किंवा चारकोपच्या आगारातून निघणारी बस वेळेवर न आल्यास उतारू रिक्षाकडे वळतो. उतारू वळला की मार्ग तोट्यात जातो. मार्ग तोट्यात गेला की गाड्या कमी होतात. या चक्राला ‘मागणीचा अभाव’ असे नाव देण्यात येते.

पैसा नाही, हे उत्तर मुंबईच्या बाबतीत ऐकून घेण्यासारखे नाही. याच महापालिकेने हजारो कोटींच्या ठेवी बाळगल्या आणि दहा हजार कोटींहून अधिक खर्चाचा सागरी किनारा रस्ता बांधला. त्या रस्त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव आहे. आता त्याची उत्तरेकडील शाखा वर्सोव्याहून दहिसरकडे, चारकोपच्या बाजूने, खारफुटी तोडून नेण्याची योजना आहे. दगड पुन्हा एकदा समुद्राकडे जाईल, आणि कांदिवलीचा माणूस पुन्हा थांब्यावर उभा राहील.

मेट्रोविषयी मात्र कार्यकर्त्यांत जो सरसकट राग आढळतो, तो बरोबर नाही. २०२२-२३ मध्ये पूर्ण झालेल्या दोन मेट्रोंनी कांदिवलीच्या पश्चिमेला लिंक रोडवर आणि पूर्वेला आकुर्ली-पोयसर भागात स्थानके दिली. अंधेरीपर्यंत जाणाऱ्या हजारो माणसांचा प्रवास त्यामुळे माणसाच्या इतमामाचा झाला. तक्रार मेट्रोशी नाही. मेट्रो असली की बस नको, वातानुकूलित लोकल आली की साधी लोकल नको, या वृत्तीशी आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूर येथे उतारू खवळले ते थंड हवेवर नव्हे. साध्या गाडीच्या जागी अनेक पटींनी महाग गाडी आणून त्यांची गाडी हिरावून घेतली, म्हणून ते खवळले. मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गाद्या बसविल्या. वरच्या वर्गासाठी नवा डबा काढून त्यांनी सुधारणेचा देखावा केला नाही. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वेकामगारांना त्यांनीच कामावर परत घेतले. सोय आणि श्रमिक यांचा विचार एकत्र करता येतो, याचा हा घरचाच पुरावा आहे.

महाराष्ट्राला नवे तत्त्वज्ञान उसने आणण्याचीही गरज नाही. १९७५ चा व्यवसाय-कर शहरातील पगारदाराकडून घेतला गेला तो ग्रामीण भागातील रोजगार हमीसाठी. शहराने खेड्याच्या श्रमिकाचा भार उचलावा हे या राज्याने कायद्याने मान्य केले. मग नरिमन पॉइंटच्या आणि वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मालकांनी आपल्याच कामगाराच्या प्रवासाचा भार उचलावा, हे मान्य करण्यात अडचण कोणती? २०२२ पासून घराच्या खरेदीवर मेट्रोसाठी एक टक्का अधिभार आहेच. पण तो पडतो कर्ज काढून घर घेणाऱ्यावर, भाव वाढवून घेणाऱ्या विकासकावर नाही. मोठ्या आस्थापनांवर कामगारांच्या संख्येनुसार परिवहन-कर, त्यातून बेस्टच्या स्वतःच्या गाड्या व कायम कामगार, आणि बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेत विलीन: या तीन मागण्या एकत्र मांडल्या पाहिजेत, कारण एकीवाचून दुसरी टिकणार नाही.

याच उपनगरांत मृणाल गोरे यांनी पाण्यासाठी रान उठविले आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. प्रवासाच्या प्रश्नावर तितक्या चिकाटीचे काम झाले नाही, याचे एक कारण असे की प्रवासी रोज बदलत्या गर्दीत एकटा असतो, नळावरच्या बायकांसारखा एका जागी जमत नाही. पण बसथांबा ही जागा आहे. चारकोपमधील आणि पूर्वेकडील प्रत्येक मोठ्या थांब्यावर सकाळी सहा ते दहा या वेळात पंधरा दिवस कार्यकर्त्यांनी वही घेऊन उभे राहावे: फलकावर लिहिलेली बस कोणत्या मिनिटाला आली, किती माणसे चढू शकली, किती रिक्षाकडे गेली, आणि रिक्षाला त्यांनी किती मोजले. वह्या भरल्या की त्या आगारात व बेस्टच्या मुख्य कचेरीत द्याव्यात, आणि पावती घेतल्याशिवाय परतू नये.