बोंडअळीनं बीटीचं कुलूप कसं उघडलं?

मी लोणी काळभोरहून बोलतोय. आमच्याकडे ऊस आणि भाजीपाला. पण माझा रूममेट यवतमाळचा, घरी कापूस. पेरणीच्या तोंडावर घरून हमखास फोन: "यंदा कोणतं बियाणं घ्यायचं रे?" अळी आली तर वर्ष हातचं जातं, म्हणून हा प्रश्न साधा नाही.

आधी थोडं मागे जाऊ. मार्च 2002 मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सँटो यांनी तो आणला. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात घातलं. बोंडअळीनं झाड खाल्लं की त्यातलं प्रथिन तिचं आतडं निकामी करतं. 2006 मध्ये दोन जनुकांचं बीजी-2 आलं. हिरव्या बोंडअळीवर त्याचा चांगलाच परिणाम झाला.

मग 2017 उजाडलं. महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीनं बोंडंच्या बोंडं पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर दगावले. बीटी होतं, तरी फवारणी होतीच, कारण मावा-तुडतुड्यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींवर बीटी चालतच नाही.

पण गुलाबी अळी का मरेना? आमच्या भाषेत सांगतो. सगळ्या गावानं एकच पासवर्ड ठेवला, तर चोराला एकदाच डोकं लावावं लागतं. लाखो अळ्यांत एखादी विष पचवणारी असते. ती जगते, आणि तिच्यासारख्याच दुसरीशी जोडी जमली की पुढची पिढी तशीच निपजते. म्हणून बीटीच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगरबीटी बियाणं मिळायचं. कडेनं ते लावायचं. त्यावर साध्या अळ्या वाढतात, त्यांचे पतंग या दांडग्या पतंगांशी जुगतात आणि पिल्लं पुन्हा बीटीला बळी पडतात. पण मुद्दाम अळीला खाऊ घालायला जमीन कोण देणार? बरीच पाकिटं बांधावरच राहिली.

दुसरं कारण फरदड. पाणी असेल तर जानेवारीनंतरही पऱ्हाटी उभी ठेवायची, चार पैसे जास्त मिळतात. गुलाबी अळी मुख्यतः कापसावरच जगते, तिला तेवढंच हवं असतं. एकाची जादा वेचणी, शेजाऱ्याचं पुढच्या वर्षीचं नुकसान.

अमेरिकेनं हीच अळी कापूसपट्ट्यातून संपवल्याचं 2018 मध्ये जाहीर केलं. नुसत्या बीटीनं नाही हं! सोबत नपुंसक केलेले पतंग सोडले, पऱ्हाटी वेळेवर गाडली, आणि सगळ्यांनी मिळून केलं.

आणि व्हॉट्सॲपवर कुणी 'एचटीबीटी घ्या' म्हणालं तर? जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून आंदोलन केलं होतं. त्याला अधिकृत परवानगी नाही. शिवाय त्याची जादाची करामत तणनाशक सोसण्याची. गुलाबी अळीवर त्यात नवा इलाज नाही.

मग रूममेटच्या घरच्यांना सांगायचं काय? कमी दिवसांचं वाण घ्या. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा; सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले, तर फवारणीचा निर्णय घ्या. डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करा. डिसेंबर संपता संपता शेत मोकळं करा. आणि हे शेजाऱ्यालाही सांगा, कारण पतंगाला बांध कळत नाही.

तुमच्या घरी कापूस असेल तर हा एपिसोड आजच घरी पाठवा. भेटू पुढच्या भागात!