दप्तर कोणासाठीं किती उघडें?

कृष्णा व तारळी यांच्या संगमाजवळ वसलेलें उंब्रज हें कराड तालुक्यांतील जुनें गांव. समर्थांनीं स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकीं एक येथें असल्यामुळें त्याचें नांव दूरवर परिचित आहे. अशा प्रत्येक जुन्या गांवांत देवळाइतकीच जपली जाणारी आणखी एक वस्तु असे, ती म्हणजे गांवचें दप्तर. कोणाची जमीन किती, सारा किती, वांटणी कशी झाली, हें सारें रुमालांत बांधलेल्या त्या कागदांवर लिहिलेलें असे. लिहिण्याचा अधिकार कुळकर्ण्याचा, आणि तोही पिढीजात. बापामागून मुलगा लेखणी हातीं घेई.

१९५० सालीं मुंबई राज्यानें परगणा व कुळकर्णी वतनें नष्ट करणारा कायदा केला. तो १ मे १९५१ पासून अंमलांत आला. एका आज्ञेनें गांवोगांवचा हा पिढीजात अधिकार संपला. परंतु लेखणी चावडीच्या ओट्यावर ठेवून, ज्याला वाटेल त्यानें दप्तरांत लिहावें, असें कांहीं त्या कायद्यानें म्हटलें नाहीं. जमिनीच्या हक्कांत फेरफार झाला तर त्याची नोंद तलाठी करतो, ज्याला आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मंडल अधिकारी ती तपासून प्रमाणित करतो. आणि सातबाराचा उतारा कोणाही नागरिकाला पाहतां येतो. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, वाचणारे सर्व. अधिकार एकदम बदलतांनाही ही विभागणी सुटूं द्यावयाची नसते.

आज हेंच दप्तर संगणकांत गेलें आहे, आणि शाळा, पतसंस्था, ग्रंथालय यांचीं दप्तरेंही त्याच वाटेनें गेलीं आहेत. तेथेंही प्रश्न तोच आहे. वाचावें कोणीं, लिहावें कोणीं?

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ पासून युनिक्स नांवाची कार्यप्रणाली रचावयास घेतली. तिच्या ३ नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेंतच फाइलींच्या परवानग्या बदलणारी आज्ञा आढळते. तिचें नांव सीएचमॉड. आरंभीं मालक व इतर असे दोनच वर्ग होते. पुढें त्यांत गट हा तिसरा वर्ग आला. आजच्या लिनक्समध्यें हीच व्यवस्था चालते. वाचण्याच्या परवानगीला ४, लिहिण्याच्या परवानगीला २ आणि चालविण्याच्या परवानगीला १ असा अंक दिलेला आहे. ज्याला वाचावयाचें व लिहावयाचें आहे त्याचे ६, केवळ वाचणाऱ्याचे ४, आणि तिन्ही अधिकार असणाऱ्याचे ७. मालक, गट व इतर यांचे तीन अंक शेजारीं शेजारीं मांडले कीं ६४४ किंवा ७५५ अशी संख्या तयार होते. ६४४ म्हणजे मालकानें वाचावें व लिहावें, बाकी सर्वांनीं केवळ वाचावें.

येथपर्यंत सारें सोपें आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर. फाइल म्हणजे कागद आणि फोल्डर म्हणजे कागद ठेवण्याची खोली. दोहोंवर अंक तेच लिहिले जातात, पण त्यांचा अर्थ निराळा होतो. फाइलीवरील १ या अंकाचा अर्थ ती फाइल कार्यक्रम म्हणून चालवितां येते. फोल्डरवरील १ चा अर्थ त्या खोलींत पाऊल टाकतां येतें. फोल्डरवरील ४ मुळें आंतील नांवांची यादी वाचतां येते. आणि फोल्डरवरील २ असला, व त्याबरोबर आंत जाण्याची परवानगीही असली, म्हणजे नव्या फाइली ठेवतां येतात आणि जुन्या काढून टाकतां येतात. हें शेवटचें वाक्य फार महत्त्वाचें आहे. एखादी फाइल नुसती वाचण्यापुरती ठेवली, पण जिच्यांत ती आहे ती खोली सर्वांना लिहिण्यास मोकळी असली, तर कोणीही ती फाइल उचलून नाहींशी करूं शकतो. वहीला कुलूप लावून कपाट रस्त्यांत ठेवण्यासारखेंच हें आहे.

अशी कल्पना करावी कीं, उंब्रजसारख्या गांवांतील एका शाळेनें आपलें दप्तर जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर आणलें. हजारों फाइली; दाखले, गुणपत्रकें, शिक्षकांच्या सेवेच्या नोंदी, मुलांसाठीं टिपणें. पण नकलतांना मालकी बदलली, आणि कोणालाच कांहीं उघडेना. दुसऱ्या दिवशीं दाखले द्यावयाचे आहेत. दारांत पालक उभे आहेत. त्रासलेल्या कारकुनाला कोणी सल्ला देतो, "सगळ्यांना ७७७ देऊन टाका." सीएचमॉडपुढें मोठा आर लिहिला कीं आज्ञा फोल्डरांतील फोल्डरांत, अगदीं तळापर्यंत जाते. क्षणांत सारें उघडतें, कारकुनाचें कौतुक होतें. मात्र त्या क्षणापासून त्या यंत्रावर काम करणारा कोणताही विद्यार्थी स्वतःचे गुण बदलूं शकतो, आणि तें कोणीं बदललें हें गुणपत्रकाकडे पाहून समजत नाहीं. ज्या मुलानें रात्रंदिवस अभ्यास करून गुण मिळविले, त्याच्या गुणांनाही मग कांहीं अर्थ उरत नाहीं. दप्तरावरचा विश्वास एकदां गेला कीं तो सहसा परत येत नाहीं.

चूक उमगल्यावर घाईनें उलट आज्ञा दिली जाते: सर्वांना ६४४. आतां फोल्डरांवरील १ हा अंकही पुसला जातो. सामान्य वापरणाऱ्यानें ही आज्ञा दिली तर ती पहिल्याच फोल्डरचें दार लावून घेते आणि मग तिला स्वतःलाच आंत जातां येत नाहीं! अति मोकळें करण्यानेंही कधीं कधीं दारें बंदच होतात. दूरच्या यंत्राशीं गुप्तपणें जोडणारी एसएसएच ही व्यवस्था, आपली खासगी किल्ली इतरांना वाचतां येते असें दिसलें तर ती किल्ली वापरण्याचेंच नाकारते.

तेव्हां योग्य मार्ग हा कीं, खोल्यांना एक आज्ञा द्यावी आणि कागदांना दुसरी. ही निवड फाइंड नांवाची आज्ञा करते. तिला टाइप डी सांगितलें तर ती केवळ फोल्डर शोधते, टाइप एफ सांगितलें तर केवळ फाइली. त्यापुढें एक्झेक असें लिहून सीएचमॉड व अंक, आणि शेवटीं महिरपी कंसांची रिकामी जोडी व अधिक चिन्ह लिहिलें कीं सांपडलेल्या सर्वांना ती परवानगी लागू होते. गुणपत्रकांच्या फोल्डरांना ७५० व फाइलींना ६४० द्यावे, आणि मालक व गट योग्य नेमावे. मग मालक असलेला कारकून लिहील, गटांतील शिक्षक वाचतील, इतरांस आंत प्रवेशच नसेल. मुलांच्या टिपणांना ७५५ व ६४४ पुरेसे आहेत. नांवांत मोकळी जागा असलेल्या फाइली या पद्धतींत निसटत नाहींत, हा आणखी एक लाभ.

आणखी एक आटोपशीर युक्ति आहे. अंकांऐवजीं अक्षरें वापरून सीएचमॉडला मोठा एक्स दिला, तर ती आज्ञा फोल्डरांना प्रवेशाची परवानगी देते आणि साध्या फाइलींना चालविण्याची परवानगी देत नाहीं. परंतु ज्या फाइलीवर ती परवानगी आधींच कोणाला तरी असेल, तेथें ती तशीच राहते व पसरतेही. म्हणून ७७७ चा गोंधळ झाल्यानंतर केवळ या युक्तीवर विसंबून चालत नाहीं. तेथें फाइंडच हवें.

आज्ञा देण्यापूर्वीं दोन गोष्टी मात्र अवश्य कराव्या. पहिली, फाइंडला प्रथम नुसती यादी छापावयास सांगावी आणि ती शांतपणें वाचावी. दुसरी, असलेल्या परवानग्यांची नोंद करून ठेवावी. सीएचमॉड मागील स्थिति लक्षांत ठेवीत नाहीं, पण लिनक्सवर गेटएफएसीएल ही आज्ञा सर्व परवानग्या एका फाइलींत उतरवून देते, आणि सेटएफएसीएल ती नोंद वाचून त्या पूर्ववत् करते. आपण कोणत्या फोल्डरमध्यें उभे आहोंत हें पाहिल्यावांचून मोठा आर लिहूं नये, हें तर वेगळें सांगावयास नकोच.

पुढें नव्यानें तयार होणाऱ्या फाइलींसाठीं यूमास्क नांवाची मर्यादा ठरवितां येते. ती ०२७ ठेवली तर नवीं फोल्डरें सामान्यतः ७५० आणि नव्या फाइली ६४० अशाच जन्मास येतात, व पुन्हां सरसकट आज्ञा देण्याची पाळी क्वचितच येते.

कुळकर्ण्याचें दप्तर रुमालांत होतें, आजचें दप्तर यंत्रांत आहे. पूर्वीं गांवोगांवचा अधिकार फिरविण्यास कायदेमंडळाला कायदा करावा लागला. आज एका शाळेंतील कारकून एका ओळीनें हजारों कागदांचा अधिकार फिरवूं शकतो. एवढी शक्ति हातीं असतां दारांत उभ्या असलेल्या पालकांना दहा मिनिटें अधिक थांबविणें हा कांहीं अपराध नव्हे. त्या दहा मिनिटांत यादी वाचून होते, आणि त्यांच्याच मुलांचे गुण सुरक्षित राहतात.