दोन पंप आणि एक तार



घरी विमान बांधण्याची कल्पना आता आपल्याला अगदीच अपरिचित राहिलेली नाही. कांदिवलीच्या एका गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले विमान २०१६ साली मुंबईच्या प्रदर्शनात मांडले गेले होते. अमेरिकेत तर १९५३ सालीच पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी मंडळींची संघटना मिलवॉकी येथे काढली. आज आपण या विमानांतील एका लहानशा वस्तूचा विचार करू. ती म्हणजे इंजिनाला पेट्रोल पुरविणारा विजेचा पंप.

जुन्या पायपर कबसारख्या विमानात टाकी कार्ब्युरेटरहून उंच असते. गच्चीवरच्या टाकीतून नळाला पाणी यावे, तसे पेट्रोल आपल्या भारानेच उतरते. पंख खाली असलेल्या विमानात मात्र पेट्रोल वर चढवावे लागते. तेथे बहुधा इंजिनाच्याच गतीने चालणारा एक यांत्रिक पंप असतो, आणि विजेचा पंप उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी सोबतीला चालवतात. पण २०१२ साली आलेल्या रोटॅक्स ९१२ आयएससारख्या इंजिनांत यांत्रिक पंपच नाही; दोन्ही पंप विजेचे! वीज थांबली की पेट्रोल थांबते आणि पेट्रोल थांबले की इंजिन.

‘दोन पंप आहेत, मग भीती कसली?’ असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहू. समजा, एक पंप हजार उड्डाणांत एकदा बंद पडतो. दोन्ही पंप परस्परांपासून खरोखर स्वतंत्र असतील, तर एकाच उड्डाणात दोन्ही बंद पडण्याचा संभव दहा लाखांत एक. परंतु दोघांना वीज एकाच तारेतून, एकाच फ्यूजमधून येत असेल, तर ती तार तुटताच दोन्ही एकदम थांबतील. टाकीत राहिलेला धातूचा कीस सामाईक गाळणी तुंबवील, तेव्हाही तेच होईल.

उन्हाचेही तसेच आहे. पंप पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब उतरतो आणि तापलेले पेट्रोल उकळून वाफ होते. द्रव ढकलणारा पंप वाफेपुढे हतबल होतो. इंजिनाशेजारी तापत असलेले दोन्ही पंप एकाच वेळी हतबल होतील. म्हणून पंप टाकीजवळ, शक्य तितका खाली आणि थंड जागी असावा.

तेव्हा करावे काय? प्रत्येक पंपाला स्वतंत्र तार, स्वतंत्र फ्यूज, स्वतंत्र बटण द्यावे. शक्य तर बॅटरीही दुसरी. पेट्रोल बंद पंपातून मागे फिरू नये म्हणून एकदिशा झडपा बसवाव्यात. विमानाचे नाक चढणीइतके उचलून जमिनीवरच प्रवाह मोजावा. इंजिनाच्या पूर्ण शक्तीला लागेल त्याच्या सव्वापट तो भरावा. आल्टरनेटर बंद पडल्यावर बॅटरी पंपाला किती मिनिटे चालवील, हेही प्रत्यक्ष मोजून ठेवावे.

कारखान्यातल्या विमानाचे आराखडे अनेक परकी माणसे तपासतात. घरच्या विमानात बांधणारा आणि तपासणारा बहुधा एकच असतो. म्हणून शेजारच्या आसनावर कोणाला बसविण्यापूर्वी त्याने आपल्या विमानातली एकेक तार मनातल्या मनात तोडून पाहावी, आणि दर वेळी विचारावे : आता इंजिन चालेल काय?