दर्यावर्द्यांचा नकाशा, वर्गाची भिंत

अधिवेशनाला आलेल्या भूगोलशिक्षक मित्रमैत्रिणींनो,

 

वर्गातल्या जगाच्या नकाशावर फिनलंड शोधा. नकाशा मर्केटर प्रक्षेपणाचा असेल, तर फिनलंड महाराष्ट्राच्या पाचपट दिसेल. प्रत्यक्षात त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३.३८ लाख चौरस किलोमीटर आणि आपले ३.०८ लाख. ग्रीनलंड आणि आफ्रिका ही जोडी तुम्हाला पाठच असेल: नकाशावर दोघे तोडीस तोड, पण जमिनीवर आफ्रिका चौदापट मोठा. अमेरिका, चीन आणि भारत हे तिन्ही देश आफ्रिकेत मावतात आणि तरी ७५ लाख चौरस किलोमीटर जागा उरते.

हे सांगून झाले की आपण युरोपीय साम्राज्यशाहीवर तोफ डागतो आणि टाळ्या घेतो. ते मला पटत नाही. गेरार्ड मर्केटरने १५६९ साली हा नकाशा काढला तो खलाशांसाठी, आणि तसे त्याने नकाशाच्या शीर्षकातच लिहून ठेवले. होकायंत्राचा एक कोन धरून जहाज हाकले, तर त्याचा मार्ग नकाशावर सरळ रेषेत उमटावा, एवढीच त्याची अट. ती पाळायची तर रेखावृत्ते समांतर काढावी लागतात. पण ६० अंशांवरचे अक्षवृत्त लांबीने विषुववृत्ताच्या निम्मेच असते. ते पूर्व-पश्चिम दुप्पट ताणले, की कोन बिघडू नयेत म्हणून तिथे उत्तर-दक्षिणही दुप्पट ताणावे लागते. क्षेत्रफळ झाले चौपट. ध्रुवाजवळ हा ताण इतका वाढतो की ध्रुव नकाशावर दाखवताच येत नाही, कागद कुठेतरी कापावाच लागतो.

कापायचा कुठे, हे मात्र गणित सांगत नाही. भिंतीवरच्या कित्येक नकाशांत अंटार्क्टिका बराचसा छाटलेला असतो आणि उत्तरेकडचा भाग भरपूर ठेवलेला असतो. त्यामुळे विषुववृत्त मध्यावरून खाली घसरते आणि कागदाच्या ऐन मधोमध युरोप येऊन बसतो. रागवायचेच असेल तर या कात्रीवर रागवावे. आणि दर्यावर्द्यांचे हत्यार शाळेच्या भिंतीवर टांगले कुणी, हेही विचारावे. त्यात आपणही आलो.

१९७३मध्ये बॉनला आर्नो पीटर्सने समक्षेत्र नकाशा मांडला आणि गरीब देशांना न्याय मिळाल्याचा गाजावाजा झाला. जेम्स गॉल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने ते प्रक्षेपण १८५५मध्येच मांडले होते, हे त्या गडबडीत कुणी फारसे बोलले नाही. बरे, त्यात क्षेत्रफळ जुळते, पण आकार खरे राहतात ते दोन्ही गोलार्धांतल्या ४५ अंशांच्या आसपास, म्हणजे पुन्हा मिलान आणि दक्षिण फ्रान्सजवळ. विषुववृत्तावर देश उभे ताणले जातात, तिथली उत्तर-दक्षिण मोजपट्टी पूर्व-पश्चिमेच्या दुप्पट होते. ज्यांच्या नावाने लढाई, त्यांचाच चेहरा लांबुळका! २०१८चे इक्वल अर्थ प्रक्षेपण मला अधिक समंजस वाटते. ऑगस्ट २०२५मध्ये आफ्रिकी संघाने मर्केटर हटवण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला तो योग्यच. तरी इक्वल अर्थमध्येही कडेचे देश तिरके होतात. गोल पृष्ठभाग न ताणता सपाट करता येत नाही, हे गणितज्ञ गाऊसने १८२७मध्ये सिद्ध केले. (संत्र्याच्या सालीचा दाखला तुम्ही सगळे देताच, मी देत नाही.)

आणि मर्केटर संपलेलाही नाही. तुमच्या खिशातल्या मोबाइलमधले बहुतेक नकाशे त्याच जातीचे आहेत, कारण चौकातला काटकोन ठाण्यात काटकोन राहतो आणि नॉर्वेतही. गल्ली शोधायला तो उत्तम.

मला जास्त खुपते ती क्षेत्रफळापेक्षा अंतराची चूक. बारावीच्या मुलाला विचारा, मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला सर्वांत जवळचा रस्ता कुठला? तो पट्टी घेऊन अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी रेघ मारतो. आता पृथ्वीगोल घ्या, मुंबईवर दोऱ्याचे टोक धरा आणि दुसरे टोक ताणून सॅन फ्रान्सिस्कोवर आणा. दोरा राजस्थान आणि हिमाचलवरून सरळ उत्तरेला निघतो, सायबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरात शिरतो, सुमारे ७६ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि अलास्का-कॅनडाच्या सीमेजवळून खाली उतरतो. अंतर साधारण साडेतेरा हजार किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात रशिया आणि कॅनडा कागदाच्या दोन टोकांना असतात, दोऱ्याखाली ते समोरासमोरचे शेजारी निघतात. आर्क्टिकवरून एवढी ओढाताण का चालते, हे समजावायला मग तासभर लागत नाही.

म्हणून खुल्या अधिवेशनापुढे माझे मागणे छोटे आहे. नवे नकाशे छापून घेण्याचा ठराव जरूर करा, पण त्याआधी शाळेच्या कपाटात धूळ खात पडलेला पृथ्वीगोल बाहेर काढा. नसेल तर मुख्याध्यापकांकडे मागा, क्रीडासाहित्याच्या यादीत ढकलला तरी चालेल. प्रात्यक्षिकाच्या वहीत मर्केटरची जाळी काढून घेतो, त्याच पानावर दोऱ्याने मोजलेली दोन अंतरे लिहून घ्या आणि ती पट्टीने मोजलेल्या अंतरांशी का जुळत नाहीत, ते मुलांना स्वतःच्या शब्दांत लिहू द्या. या प्रश्नाला निदान चार गुण ठेवा. गुण असल्याशिवाय आपल्याकडे कुणी दोरा हातात धरत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.